पाखऱ्या-हिऱ्याच्या दमणीतून स्टेशनावर

परत आल्यापासून आमच्या वाईच्या गंगापुरीतल्या बायकांचा एकच धोशा चाललाय. एवढं नागपूर पाहून आलात, मग सांगा की काय काय पाहिलं. आता काय कपाळ सांगू? अजबखाना पाहिला नाही, किल्ला पाहिला तो टांग्यातून, तोही अर्धा, कारण दुसऱ्या अर्ध्याला मी डोळे मिटून घेतले होते. मला विचाराल तर मी नागपुरात माणसांच्या पाठी पाहिल्या. जो तो माझ्या पुढून पळत होता.

मी काही हौसेनं गेले नव्हते. माझी धाकटी इंदू तिथं दिलेली. तिला सातवा लागला होता, आणि तिला बाळंतपणासाठी वाईला आणायचं होतं. आमच्या घरच्यांची कंबर धरलेली, म्हणून मी एकटीच बायकांच्या डब्यात बसून गेले. पण खरी गोष्ट पुढेच सांगते, म्हणजे मी एवढी का धास्तावले होते ते कळेल. इंदूचं पहिलं पाचव्या महिन्यात गेलं. कामठीला कुणाच्या तरी बारशाला गेली होती, टांग्यातून परत आली आणि तिसऱ्या दिवशी सगळं आटोपलं. टांग्याच्या धक्क्यानं गेलं की जायचंच होतं म्हणून गेलं, ते देवाला ठाऊक. पण माझ्या डोक्यात टांगा बसला तो बसलाच. या खेपेला पोरीला एकही धक्का न बसता घरी आणायची, एवढं एकच मनात धरून मी निघाले होते.

स्टेशन ते महाल

स्टेशनावर आमचे व्याही आबाजी स्वतः आले होते. माणूस दिलदार. गावाकडे मालगुजारी, शहरातल्या महाल भागात राहतं घर, पांढऱ्या मिशा आणि बोलणं मोठ्यानं. मला टांग्यात बसवलं आणि टांगेवाल्याला म्हणाले, "आरामात चाल गा, पाहुण्या बाई आहेत."

आमच्या वाईचा टांगेवाला वाटेत दोनदा उतरतो. एकदा घोड्याला पाणी पाजायला आणि एकदा कुणाच्या तरी म्हशीची चौकशी करायला. आपण आत बसून वाट पाहायची. हा गृहस्थ उतरायची गोष्ट सोडाच, बसल्या जागी अर्धा उभा होता. आधी बरा चालला होता. तेवढ्यात डाव्या अंगानं दुसरा टांगा आला. त्या टांगेवाल्यानं आमच्याकडे नुसतं पाहिलं. बस, एवढंच झालं. आमच्या घोड्याच्या पाठीवर चाबूक, त्यांच्या घोड्याच्या पाठीवर चाबूक, आणि मधे एक म्हातारा सायकलवरून चाललेला, एका हातानं टोपी धरून. मी दांडी घट्ट धरली आणि रामाचं नाव घेतलं.

"अरे बाबा, कशाला पळवतोस?" मी विचारलं.

"मागं राहिलो तं लोक हासतीन ना बाई," तो म्हणाला. वळूनसुद्धा पाहिलं नाही त्यानं.

तेवढ्यात गिरणीचा भोंगा झाला, आणि रस्त्यावर इतकी माणसं उतरली की मला वाटलं कुठं आगबिग लागली. आबाजी आरामात सुपारी कातरत होते. म्हणाले, "घाई नाही ही बाई. इथली चालच आहे."

घरी पोचले तर विहीणबाई दारातच. "काहून जी, चेहरा उतरला तुमचा? इंदू, पाणी आण वं आईले." इंदू आली. चेहऱ्यावर तेज होतं, पाऊल जड होतं, आणि हात सारखा पोटावर. याच रस्त्यानं, याच लोकांच्या गर्दीतून हिला परत न्यायची होती.

जेवायला गोळाभात होता, वरून हिंगाचं कढत तेल, आणि कोथिंबिरीच्या वड्या. कोथिंबिरीला हे लोक सांबार म्हणतात. चव अशी की मी लाज सोडून दोनदा घेतलं. पण जेवणाचीही तीच तऱ्हा. माझा दुसरा घास तोंडात आणि पुरुषांची पंगत हात धुऊन मोकळी.

तेलंगखेडीचा फेरा

आमचे जावई मधुकरराव वकील आहेत. इतका मऊ माणूस मी पाहिला नाही. चहात साखर पुरेशी आहे का हे मला तीनदा विचारतात. इंदूच्या पाठीमागे उशी ठेवतात आणि मी पाहिलं असं वाटलं की लाजतात. त्यांनी त्या वर्षी एक जुनी मोटार घेतली होती. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आई, चला, तेलंगखेडीच्या तलावावर फिरून येऊ."

मी म्हटलं, बघू या तरी. मोटार चांगली मऊ असेल तर इंदूला हिच्यातूनच स्टेशनावर न्यावी. गादी होती खरंच मऊ. पण चाकामागं बसल्याबरोबर तो मऊ माणूस कुठं गेला कोण जाणे. मान पुढे काढली, डोळे बारीक केले, आणि डाव्या हातानं रबरी भोंगा असा पिळायला लागले की जणू त्याचंच काही चुकलं होतं. पुढे सायकल दिसली की तिच्या पुढे जायचं. बैलांची रेंगी दिसली की तिच्या पुढे. एका चौकात पांढऱ्या पोशाखातल्या शिपायानं हात वर केला, तर मधुकरराव म्हणाले, "त्यानं आपल्याले नाही केला," आणि गेले निघून. मग कुण्या साहेबाची मोठी मोटार आम्हाला मागे टाकून गेली. त्यानंतर तलाव कधी आला आणि कधी गेला ते मला समजलं नाही. आम्ही त्या मोटारीच्या मागे होतो.

धुळीनं नाकतोंड भरलं तेव्हा मी म्हटलं, "मधुकरराव, आपल्याला कुठं वेळेवर पोचायचंय का?"

"नाही आई, फिराले तर निघालो."

"मग?"

"मग काय? तो पुढं जाऊन राहिला ना."

परत आल्यावर मी मोटारीचं नाव मनातून पुसून टाकलं.

पेन्शनर

जायच्या आधी डॉक्टरीणबाई येऊन इंदूला पाहून गेल्या. त्या हातातल्या घड्याळाकडे पाहत पाहत म्हणाल्या, "प्रवासाला हरकत नाही. आगगाडीत बसल्यावर काही नाही. तोवर धक्का नको, चाल मंद हवी." मी आणखी काही विचारणार तोवर त्यांचा टांगा कोपऱ्यावरून वळलासुद्धा होता.

संध्याकाळी घरात खल झाला. टांगा मी नको म्हटलं. मोटार नको म्हटलं, तेव्हा मधुकररावांचा चेहरा एवढासा झाला. मी मेण्याचं नाव काढलं तर आबाजी खो खो हसले. "मेणा आता लग्नातही नाही मिळत बाई. आपली दमणी आहे ना. गाद्या घालू, खाली धानाचं तणस घालू. पाखऱ्या आणि हिऱ्या नेतीन तिले."

दमणी म्हणजे दोन चाकांची, वर छत असलेली बैलगाडी, खास माणसं बसायची. बैल म्हटल्यावर माझा जीव भांड्यात पडला. आमच्याकडे बैल म्हणजे चालता चालता झोपणारा प्राणी. मी लगेच गोठ्यात जाऊन जोडी पाहून आले. दोन पांढरेशुभ्र, शेलाटे बैल रवंथ करत बसले होते. इंदूनं पाखऱ्याच्या कपाळावर हात फिरवला तर त्यानं मान खाली केली.

आबाजींचा ऊर भरून आला होता. म्हणाले, "ही माझी पटाची जोडी, बाई." तेव्हा मला शंकरपट म्हणजे काय ते समजलं. हिवाळ्यात शेतं मोकळी झाली की या भागात बैलांच्या शर्यती होतात. दोन जोड्या शेजारी शेजारी उभ्या करतात आणि सोडतात. आबाजींच्या या जोडीनं म्हणे कधी हार पाहिली नव्हती. "यायले हाकलावं नाही लागे. बाजूले कोणी आलं का समजे त्यायले." मग माझा चेहरा पाहून घाईनं म्हणाले, "पण ते जुनं झालं. आता दोघंही पेन्शनर आहेत. देवळात जाते ना तुमची विहीण, तिले नेतात."

मधुकरराव कोपऱ्यातून हळूच म्हणाले, "मोटारच बरी होती."

"तुमची मोटार राहू द्या," मी म्हटलं. "सामान न्या तिच्यातून." झालं, ठरलं. विहीणबाई आणि ट्रंका मोटारीत, मी आणि इंदू दमणीत, आणि दमणी हाकणार स्वतः आबाजी. मोटारीनं आधी निघून पुढं स्टेशनावर थांबायचं. पुण्याच्या स्टेशनावर माझा भाऊ घ्यायला यायचा होता, म्हणजे फक्त इथून स्टेशनापर्यंतचीच काय ती काळजी.

महाल ते स्टेशन

आम्ही गाडीच्या वेळेच्या खूप आधी निघालो. इंदूला गाद्यांच्या मधे बसवली, दोन्हीकडे लोड लावले. महालाच्या बोळांतून बैल असे चालले की पोटातलं पाणी हलेना. मी मनात म्हटलं, बघा, म्हाताऱ्या बाईचं ऐकलं की असं होतं. टांगे आमच्या पुढे जात होते, समोरून सायकली येत होत्या, पण बोळ अरुंद, शेजारी कुणी राहत नव्हतं. जो आला तो सर्रकन पुढे निघून जाई. बैलांनी कुणाकडे ढुंकून पाहिलं नाही.

मोटार मात्र आधी निघाली नव्हती. आयत्या वेळी दारात एक पक्षकार आला, आणि मधुकरराव त्याच्याशी बोलत राहिले. म्हणून ती आमच्या मागून आली. आम्ही महालाजवळच्या दुसऱ्या तलावाच्या कडेच्या रुंद रस्त्याला लागलो होतो. मला मागून भोंगा ऐकू आला, मग मोटारीचा आवाज. आता इथं दुसरा कुणी असता तर पुढे निघून गेला असता. मधुकररावांनी आयुष्यात पहिल्यांदाच मोटार हळू केली, ती आमच्या बरोबरीला आणली, अगदी चाकाला चाक लावून, आणि मान बाहेर काढून बायकोला विचारलं, "ठीक आहे ना?"

बिचाऱ्यानं काळजीनंच विचारलं होतं.

इंदूनं मान हलवली असेल-नसेल, पाखऱ्याचे कान ताठ झाले. मी ते पाहिलं. हिऱ्यानं मान खाली घातली. आबाजी बैलांना "हो हो हो" म्हणाले आणि पुढच्या क्षणी दमणी माझ्याखालून निघून चालली आहे असं वाटलं. माझं डोकं छताला लागलं. मी इंदूवर पडले आणि दोन्ही हातांनी तिला मिठी मारली, लोडासकट.

आता मधुकररावांनी काय करायला हवं होतं? पण ज्या माणसाला जन्मात मागे राहणं माहीत नाही तो काय करणार? त्यांना वाटलं, आपण पुढे जाऊन आडवं व्हावं, म्हणजे बैल थांबतील. त्यांनी मोटार आणखी जोरात सोडली. मोटार एक हात पुढे गेली की बैल दोन हात पुढे. मोटारीतून विहीणबाई ओरडत होत्या, "मधू, अरे काय करून राहिला तू," आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी दुकानांतली माणसं बाहेर आली. त्यांना काय माहीत आत कोण आहे? वकिलाची मोटार आणि आबाजींची नावाजलेली जोडी. लोक टाळ्या पिटत होते, पागोटी उडवत होते. "हाण गा आबाजी," कुणीतरी ओरडलं.

आबाजी उभे राहिले होते. मला त्यांची पाठच दिसत होती आणि दोन्ही हातांत गुंडाळलेले कासरे. ते ओढून धरतायत की सैल सोडतायत, मला काही केल्या कळेना. खोटं कशाला बोलू, त्या वेळी मी त्या माणसाला मनातून शिव्या दिल्या. एका खड्ड्यात चाक गेलं आणि इंदू "आई गं" म्हणाली. तिचा हात पोटावर इतका घट्ट होता की बोटं पांढरी पडली होती.

मग तिनं मला बाजूला सारलं. आमची इंदू, जी सासऱ्यांसमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नाही, आणि नवऱ्याशी चारचौघांत बोलत नाही. तिनं दमणीच्या कठड्याला धरून अर्धं अंग बाहेर काढलं. डोक्यावर पदर नव्हता. भर बाजारात, सासऱ्याच्या पाठीमागून ती नवऱ्याला ओरडून म्हणाली, "अहो, मागं राहा! हरा तुम्ही. हरून जा!"

मधुकररावांनी तिच्याकडे पाहिलं. तो चेहरा मी विसरणार नाही. मग त्यांनी सगळ्या अंगाचा भार टाकून मोटार उभी केली. विहीणबाईंच्या मांडीवरची संत्र्यांची टोपली रस्त्यावर सांडली. लोक हसले. "वकीलसाहेब हारले गा," असं कुणीतरी म्हणालंही.

शेजारी कुणी नाही हे बैलांना समजलं तशी त्यांची चाल उतरली. थोडं पुढे जाऊन दोघं आपोआप उभे राहिले, फेस गाळत, माना वर करून, आता कुणीतरी येऊन पाठ थोपटेल अशा बेतानं.

आबाजी खाली उतरले. मी त्यांना फाडफाड बोलणार होते, शब्द तोंडात तयार होते. त्यांनी कासरे सोडले तेव्हा त्यांच्या तळहातांची सालटी निघालेली दिसली. रक्त आलं होतं. ते सुनेला म्हणाले, "बाई, हालते का?"

इंदू डोळे मिटून बसली होती. "कळत नाही," ती म्हणाली.

आम्ही तिथंच थांबलो, रस्त्याच्या मधोमध. मधुकरराव धावत आले. विहीणबाई आल्या आणि त्यांनी इंदूचे पाय मांडीवर घेतले. मागं टांगे अडले, भोंगे वाजायला लागले, "काहून थांबले जी?" अशी ओरड झाली. मग एकानं दुसऱ्याला सांगितलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि आवाज मागे मागे बंद होत गेला. कुणी चाबूक उडवला नाही, कुणी आमच्या पुढे गेलं नाही. एका टांगेवाल्यानं पाण्याचा तांब्या दिला. मला त्या शांततेची जास्त भीती वाटत होती. मी इंदूच्या पोटावर हात ठेवला होता, आणि कामठीचा तो टांगा माझ्या डोळ्यांपुढे उभा होता. देवा, एकदा तरी हलू दे, मग मी कुणाला काही बोलणार नाही, असं मी म्हणत होते.

बऱ्याच वेळानं माझ्या तळव्याखाली एक लाथ बसली. चांगली ठणठणीत.

"हाललं," विहीणबाई म्हणाल्या आणि पदरात तोंड घालून रडायला लागल्या. आबाजी बैलांकडे तोंड करून उभे राहिले, पण त्यांचे खांदे मला दिसत होते.

तिथून स्टेशनापर्यंत आबाजी बैलांच्या पुढे पायी चालले. मागं मोटार, पण बरीच मागं, आणि मुंगीच्या चालीनं. सगळं नागपूर आम्हाला ओलांडून गेलं. साहजिकच गाडी चुकली. त्या घराची गाडी म्हणे आजवर चुकली नव्हती. आम्ही फलाटावर बसून, धूळ लागलेली संत्री पुसून सोलून खाल्ली आणि पुढच्या गाडीची वाट पाहिली. आबाजींच्या हातांना विहीणबाईंनी आपल्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या बांधल्या होत्या, म्हणून त्यांच्या वाटची संत्री मी सोलून दिली. गाडी सुटताना मधुकरराव खिडकीशी आले आणि इंदूला म्हणाले, "हारलो ना मी."

"हो," इंदू म्हणाली आणि हसली.

वाई

मनमाड, दौंड, पुणे, वाठार. प्रत्येक स्टेशनावर मी विचारलं, हलतंय ना, आणि शेवटी इंदू माझ्यावर चिडली. पुढचं सगळं नीट झालं. मुलगी झाली, चांगली गुटगुटीत, आणि लाथा मारायची सवय तिनं सोडलेली नाही.

पावसाळा संपल्यावर मधुकरराव दोघींना न्यायला आले. ते आल्या दिवसापासून मी परत काळजीत. आता तर तान्हं मूल, पुन्हा तोच रस्ता, तेच शहर. निघायच्या दिवशी आमचा नेहमीचा टांगेवाला दगडू आला. मधुकरराव मुलीला दोन्ही हातांत धरून पुढच्या बाजूला बसले आणि दगडूला म्हणाले, "हळू घ्या." दगडूनं माझ्याकडे पाहिलं. याहून हळू कसं घ्यायचं हे त्या बापड्याला ठाऊक नव्हतं. तरी त्यानं घेतलं.

मी दारात उभी होते. आमच्या दारातून वाठारचा रस्ता बराच लांबवर दिसतो. टांगा निघाला. एक सायकल त्याच्या पुढे गेली. मग पोत्यांची बैलगाडी पुढे गेली. वळणाशी कुंभाराची गाढवं मागून आली, तशी दगडूला लाज वाटली असावी. वारा आमच्याकडचा होता, त्याचं बोलणं ऐकू आलं, "साहेब, गाढवं चालली फुडं."

"जाऊ दे गा," आमचे जावई म्हणाले. "त्यायले घाई असन."

टांगा वळणावर तसाच रेंगाळत होता. वाठार अजून कुठच्या कुठं, ऊन वर आलेलं, आणि आगगाडी काही कुणासाठी थांबत नाही. मी हात हलवत होते आणि माझा जीव नुसता कासावीस झाला होता. अरे दगडू, हाण की रे जरा, गाडी चुकेल त्यांची.